विद्येचा परवाना कोणाच्या हाती?

ऐरोली-घणसोली भागात राहणाऱ्या काही तरुणांनी गेल्या महिन्यात आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. हे तरुण आठवड्याचे पाच दिवस महापे व ऐरोली येथील संगणक कंपन्यांतून नोकरी करतात आणि रविवारी सकाळी विहारात जमणाऱ्या मुलांचा अभ्यास घेतात. त्या मुलांसाठी त्यांनी फावल्या वेळात एक ॲप तयार केले आहे. त्यात पाचवी ते आठवीचे गणित आहे, मराठी वाचनाचे पाठ आहेत आणि बाबासाहेबांच्या लेखनातील काही उतारे आहेत. इंटरनेट नसतानाही ते चालते. तीन वर्षांच्या रविवारांचे हे फळ होय. आता एका कंपनीने एकरकमी मोबदला देऊन त्या ॲपचे सर्व हक्क विकत घेण्याची तयारी दाखवली आहे. तरुणांत दोन तट पडले. एक म्हणतो, पैसे घ्यावेत, त्यातून अभ्यासिकेचे भाडे निघेल. दुसरा म्हणतो, ॲप ओपन सोर्स करावे, म्हणजे त्याचा मुक्त स्रोत जगापुढे ठेवावा. परवाना कोणता घ्यावा, असे त्यांनी आम्हांस विचारले आहे.

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. सर्व हक्क कोणासही देऊ नयेत. ॲपचा प्रोग्राम जीपीएल या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावा. पाठ, चित्रे व ध्वनिमुद्रणे यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना द्यावा की ज्यात कर्त्याचा नामनिर्देश करण्याची आणि पुढच्यानेही तीच मोकळीक देण्याची अट असेल. पैसा घ्यावयाचा तो सेवेचा घ्यावा. हे मत ज्यांस भाबडे वाटेल त्यांनी पुढील विवेचन वाचावे. ज्यांस ते पटेल त्यांनीही वाचावे, कारण मुक्त परवाना घेतला की सर्व झाले, अशी समजूत आम्हांस अधिक धोक्याची वाटते.

परवाना म्हणजे काय, हे नवी मुंबईतील रहिवाशांस फार समजावून सांगण्याचे कारण नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने या शहरातील जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. माणसाने घर विकत घेतले, हप्ते फेडले, दारावर नावाची पाटी लावली. परंतु घर दुसऱ्याच्या नावे करावयाचे झाले की सिडकोची परवानगी आणि हस्तांतरणाचे शुल्क यांच्याशी त्याची गाठ पडली. तेव्हा त्यास उमगले की भिंती आपल्या होत्या, जमीन आपली नव्हती. व्यापारी परवान्यावर घेतलेल्या ॲपची स्थिती याहूनही कच्ची असते. तेथे भिंतीदेखील आपल्या नसतात. पैसे देऊन आपण केवळ वापरण्याची अनुज्ञा घेतो. तिच्या अटी दुसऱ्याने लिहिलेल्या असतात, आणि त्या वाचल्याशिवाय आपण ‘मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवलेले असते.

१९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदा संगणक-प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. कविता लिहिणाऱ्याचा जसा कवितेवर हक्क, तसा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा प्रोग्रामवर. हा हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी लागत नाही, अर्ज लागत नाही. कृती तयार झाली की हक्क जन्मास येतो. याचा एक परिणाम आमच्या तरुणांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. ॲप नुसते इंटरनेटवर ठेवून दिले, परवान्याविषयी चकार शब्द काढला नाही, तर ते मुक्त होत नाही. मौनाचा अर्थ कायद्यात ‘सर्व हक्क राखीव’ असा होतो. दुसऱ्या वस्तीतील शिक्षकाने ते घेऊन त्यात एक धडा घातला तर तो कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरू शकतो, मग मूळ कर्त्यांची इच्छा काहीही असो. इच्छा कागदावर उतरवावी लागते. तो कागद म्हणजेच परवाना.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने मोठा गोंधळ माजवला आहे. त्या भाषेच्या लोकांना पानेच्या पाने खर्चून सांगावे लागते की येथे फुकटपणा अभिप्रेत नसून स्वातंत्र्य अभिप्रेत आहे. मराठीत दोन शब्द आहेत: मोफत आणि मुक्त. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. परंतु ती मुक्त नाहीत. त्यांतील धडे वा चित्रे उचलून आपल्या ॲपमध्ये घालावयाची तर परवानगी लागते. याउलट प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर हे जे व्यासपीठ उघडले, त्यावरील मराठी गोष्टी मोफत आहेत आणि मुक्तही आहेत. लेखकाचे व चित्रकाराचे नाव राखून त्या कोणीही छापाव्यात, बदलाव्यात, अहिराणीत न्याव्यात. मुंबईच्या आयआयटीने चालविलेले स्पोकन ट्युटोरियलचे पाठही असेच आहेत. संगणकाची विद्या मराठी निवेदनातून शिकविणारे ते पाठ कोणत्याही अभ्यासिकेने उतरवून घ्यावेत, त्यांच्या प्रती वाटाव्यात. त्यास मज्जाव नाही. आमच्या तरुणांनी आपल्या ॲपमधील गणिताच्या आकृत्या कोठून घेतल्या, असे आम्ही विचारले तेव्हा काही क्षण शांतता पसरली. पाठ्यपुस्तकातून घेतल्या असतील तर त्या आधी काढाव्यात आणि आपल्या हाताने पुन्हा काढाव्यात. जे आपले नाही त्यास मुक्त परवाना देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मुक्त परवान्यांतही दोन कुळे आहेत. एमआयटी हा परवाना सांगतो: हे घ्या, वापरा, बदला, विका, आमचे नाव तेवढे राहू द्या. जीपीएल सांगतो: घ्या, वापरा, बदला, विकाही, मात्र बदललेली वस्तू दुसऱ्यास द्याल तेव्हा तिचा स्रोतही द्यावा लागेल आणि तुम्हांस मिळालेली मोकळीक त्यासही द्यावी लागेल. पहिल्यात मोठ्या कंपनीला मार्ग मोकळा राहतो. तिने आमच्या तरुणांचे ॲप उचलावे, त्यावर चार रंग चढवावेत, कुलूप लावावे आणि त्याच मुलांच्या पालकांस वर्गणी घेऊन विकावे. हे सर्व कायदेशीर ठरेल. दुसऱ्यात तिला विकता येते, कुलूप लावता येत नाही. ज्यांच्या पाठीशी भांडवल आहे त्यांनी पहिला परवाना खुशाल निवडावा. आमच्या लोकांपाशी रविवारच्या श्रमांखेरीज भांडवल नाही, म्हणून आम्ही दुसरा सुचवितो.

कुलुपाची किंमत आम्ही स्वतः मोजलेली आहे. या पाक्षिकाचे कित्येक वर्षांचे अंक आम्ही एका व्यापारी अक्षर-संचात जुळविले. त्या काळी संगणकाच्या पाठीमागे एक लहानशी किल्ली लावावी लागे. ती असेल तरच अक्षरे उमटत. पुढे संगणक बिघडला, नव्या संगणकावर ती किल्ली चालेना, आणि विक्रेत्याने नवा संच विकत घ्यावा असा सल्ला दिला. ते अंक आजही आमच्याकडे आहेत, पण उघडले की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा खच दिसतो. लेख आमचे, श्रद्धांजल्या आमच्या, परिषदांचे वृत्तान्त आमचे, आणि ते वाचण्याचे साधन दुसऱ्याचे! आता आमच्या कार्यालयात एक मुलगा छापील प्रती पाहून ते सर्व पुन्हा टंकित करीत आहे. रेड हॅट या कंपनीने २००४ साली लोहित ही देवनागरी अक्षरमाला मुक्त परवान्याखाली दिली. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्ता ही सुबक अक्षरमाला त्याच वृत्तीने दिली. युनिकोड आणि ही मुक्त अक्षरे यांच्या साह्याने आज जे जुळविले जाते ते उद्याच्या यंत्रावरही वाचता येईल. हे आम्हांस आधी ठाऊक असते तर!

व्यापारी परवाना सदैव वाईट, असे मात्र आम्ही म्हणत नाही. नियमित पगार मिळणारे लोक असल्याविना ॲप टिकत नाही. चुका दुरुस्त करणे, नव्या फोनसाठी सुधारणे, बदललेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे पाठ बदलणे, हे काम कंटाळवाणे असते, आणि उत्साहावर ते फार काळ चालत नाही. कंपनी हे काम करते म्हणून ती पैसे घेते. त्यात गैर काही नाही. परंतु कंपनी बुडाली तर? बायजूजचे उदाहरण ताजे आहे. २०११ साली स्थापन झालेली ही कंपनी एके काळी देशातील सर्वांत मौल्यवान नवउद्योगांत गणली जाई. तिच्या विक्रीच्या पद्धतीविषयी पालकांच्या तक्रारी झाल्या. कर्ज काढून अभ्यासक्रम घ्यावयास लावल्याचे आरोप झाले. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखास खुलाशासाठी पाचारण केले. आणि २०२४ च्या जुलैत बंगळूर येथील राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली. कंपनी बुडते तेव्हा तिचे देणेकरी वकील लावतात. ज्या आईने चार घरची धुणीभांडी करून हप्ता भरला, तिला आपण देणेकरी आहोत हेच माहीत नसते. अशा प्रसंगी पाठांचा व प्रोग्रामचा स्रोत लोकांच्या हाती असता तर कोणी अन्य संस्थेने तो पुढे चालविला असता. कुलुपात बंद राहिलेल्या पाठांना वाली उरत नाही.

याच्या उलट दिशेचे उदाहरण नवी मुंबईपासून फार दूर नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूस खैराट-धनगरवाडा नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. मुले जेमतेम वीस-बावीस. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ साली ही योजना मांडली होती. शंभर डॉलरांत लॅपटॉप देण्याचे तिचे स्वप्न होते, प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीच्या जवळपास गेली. केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याने २००६ सालीच ही योजना नाकारली होती, आणि शाळांना फळा व शिक्षक हवेत की लॅपटॉप हवेत, हा तेव्हा उठलेला प्रश्न अजिबात पोकळ नव्हता. तरीही हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती यंत्रे धनगरवाड्यातील मुलांच्या हाती आली.

त्या यंत्रांत शुगर नावाची शिक्षणप्रणाली होती, आणि ती जीपीएल परवान्याखाली होती. येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. यंत्रे जुनी होतात, बॅटऱ्या मरतात. या योजनेचे बॉस्टन येथील मूळ कार्यालयही २०१४ च्या सुमारास बंद झाले. यंत्र बनविणारा गेला. परंतु २००८ सालीच काही लोकांनी शुगर लॅब्ज नावाची स्वतंत्र संस्था काढून प्रणालीचे काम आपल्या हाती घेतले होते. त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. परवान्यानेच ती आधी देऊन ठेवली होती. शुगर आज साध्या संगणकावर चालते, पेन-ड्राइव्हवर घालून नेता येते, आणि तिच्यावर अजून काम चालू आहे. वाशीच्या खाडीपुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील प्राध्यापक नागार्जुन जी. यांनी भारतीय मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानचे अध्यक्षपदही सांभाळले. शिक्षणाची साधने मुक्तच असावीत असा आग्रह धरणारी मंडळी त्यांच्या प्रयोगशाळेभोवती जमली. आमच्या तरुणांस रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर एवढे अनुभवी लोक असता त्यांना भेटण्याचे सुचले नाही, याची आम्हांस गंमत वाटते. बेलापूर-खारघरच्या वेशीवर सी-डॅकचेही कार्यालय आहे. दारे ठोठवावीत.

आता मुक्ततेच्या मर्यादेकडे वळू. सरकारचे दीक्षा हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. ते सनबर्ड नावाच्या प्रणालीवर उभे आहे. एकस्टेप या प्रतिष्ठानाने ती बनविली आणि एमआयटी परवान्याने मुक्त केली. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेले चौकोनी संकेतचित्र फोनने टिपले की त्या धड्याचे साहित्य उघडते. योजना उत्तम. परंतु कोरोनाच्या टाळेबंदीत तुर्भे आणि दिघ्याच्या झोपडपट्ट्यांतून काय झाले, ते ज्यांनी पाहिले त्यांना विचारावे. घरात फोन एक, तो वडिलांसोबत कामावर, डेटा संपलेला, भावंडे तीन. महाडच्या चवदार तळ्याची आठवण आमच्या वाचकांस करून देण्याची गरज नाही. बोले यांचा ठराव १९२३ सालचा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. कागदावर तळे खुले होते. पाण्याला हात लागण्यासाठी १९२७ उजाडावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यावयास १९३७. परवाना हा ठरावासारखा असतो. तो नसेल तर लढण्यास आधार नाही, आणि नुसता तोच असेल तर घोटभर पाणी नाही. म्हणून आमच्या तरुणांनी ॲप इंटरनेटविना चालेल असे केले, हे त्यांनी परवान्याचा विचार करण्यापूर्वीच केलेले शहाणपणाचे काम होय. आता त्यांनी फोनवरून फोनवर प्रत देता येईल अशीही सोय करावी. व्यापारी परवान्यात असे प्रत देणे चोरी ठरते. मुक्त परवान्यात तो प्रसार ठरतो.

दुसरी मर्यादा मुलांच्या माहितीची. दीक्षाचा स्रोत मुक्त होता, तरीही तिचा माहितीसाठा असलेला एक सर्व्हर नीट बंद न केल्यामुळे दहा लाखांहून अधिक शिक्षकांची व लाखो विद्यार्थ्यांची माहिती उघड्यावर राहिल्याचे २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. स्रोत मुक्त असणे म्हणजे मुलांची नावे, शाळा, फोन क्रमांक मुक्त असणे नव्हे. ज्या कुटुंबाने जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पत्ता यांच्यापायी किती ठिकाणी खुलासे दिले आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. अभ्यासासाठी मुलाचे आडनाव लागत नाही, फोन क्रमांक लागत नाही, तो कोठे बसला आहे हेही लागत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. जे गोळाच केले नाही ते गळतही नाही.

पैशाच्या प्रश्नावर तरुणांपैकी एकाने आम्हांस विचारले, मुक्त केले तर विकावयाचे काय? जीसीकॉम्प्री नावाचा लहान मुलांच्या खेळांचा एक प्रसिद्ध संच आहे. त्याचा स्रोत २००० सालापासून मुक्त परवान्याखाली आहे. तरीही लिनक्स वापरणाऱ्यांस तो पूर्ण मोफत मिळे आणि विंडोजवर पूर्ण संच उघडण्यास काही रक्कम भरावी लागे. त्या रकमेतून काम चाले. २०२० साली ही अट काढण्यात आली. मुक्त परवाना पैसे घेण्यास बंदी करीत नाही. शाळांस शिक्षकांचे प्रशिक्षण द्यावे, त्यांच्या अभ्यासक्रमाप्रमाणे पाठ बसवून द्यावेत, वर्षभराच्या देखभालीचा करार करावा आणि त्याचे शुल्क घ्यावे. केरळने आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, तेव्हा परवान्यांवर जाणारा पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळविता आला. आमच्या राज्यात संगणक म्हणजे अमुक कंपनीची अमुक प्रणाली, असेच शिकविण्याची प्रथा पडली, हे खेदाने नमूद करावे लागते.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘व्यापारी वापरास मनाई’ अशी एक अट निवडता येते. आमच्या लोकांस ती फार आवडते, कारण तिच्यात कोणी आपल्या श्रमावर धंदा करू नये ही न्याय्य भावना आहे. आम्ही ती निवडू नये असे सांगू. वस्तीतील झेरॉक्सवाला एका पानाचे दोन रुपये घेतो, तो व्यापारी. मेमरी कार्डात पाठ भरून देणारा मोबाइल-दुरुस्तीचा दुकानदार, तोही व्यापारी. ज्यांच्या हातून आमच्या मुलांपर्यंत पाठ पोहोचावयाचे, त्यांनाच ही अट अडविते, आणि ज्या बड्या कंपनीला अडवावयाचे तिला वाटेत थांबविण्यास पुढच्यानेही तीच मोकळीक द्यावी ही अट पुरेशी असते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता. शिक्षणाच्या ओघात केलेली प्रत हा हक्कभंग नव्हे, असा निर्णय न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. परकीय प्रकाशकांच्या पुस्तकांसाठी न्यायालयाने जी वाट मोकळी केली, ती आपल्याच पाठांसाठी आपण का बंद करावी?

बाबासाहेबांचे उतारे ॲपमध्ये आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. येथे आमच्यातील जाणत्यांचाही घोटाळा होतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतो, असा आपला कायदा आहे. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ साली निवर्तलेल्या रवीन्द्रनाथांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या सुमारास ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. मुदत वाढली नसती तर बाबासाहेबांचे ग्रंथ २००६ अखेर मुक्त झाले असते. ते महापरिनिर्वाणानंतर साठ वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. पण कोणते? जे त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले ते. १९३६ चा ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’, १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ, १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ, हे सर्व आज कोणीही छापावेत. मरणोत्तर प्रकाशित कृतीची साठ वर्षे मात्र प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, म्हणून तो २०१७ अखेर मुक्त झाला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली जे खंड काढले, त्यांत बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते प्रथमच छापली गेली. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली आले. या हिशेबाने त्याचा हक्क २०४७ अखेरपर्यंत जातो. शिवाय मराठी अनुवादाचा हक्क मूळ ग्रंथाहून वेगळा. तो अनुवादकाच्या मृत्यूपासून स्वतंत्र मोजावा लागतो. तेव्हा ॲपमध्ये १९३६ च्या ग्रंथाचा उतारा असेल आणि अनुवाद आपण केलेला असेल, तर तो निर्वेधपणे मुक्त करता येईल. बाजारातील अनुवादाचे पान टंकून घातले असेल तर करता येणार नाही. आमच्या तरुणांनी स्वतः अनुवाद करावा. त्या निमित्ताने मूळ इंग्रजी ग्रंथ वाचून होईल.

राहता राहिला प्रश्न मालक कोण, हा. आम्ही विचारले, या ॲपचे मालक कोण? उत्तर आले, अभ्यासिका. कायद्याचे उत्तर निराळे आहे. नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेल्या प्रोग्रामचा मालक सामान्यतः धनी असतो. स्वेच्छेने लिहिणाऱ्याचा मालक तो स्वतः. अभ्यासिका कोणाची धनी नव्हे. म्हणजे सात जणांनी लिहिलेल्या ॲपचे सात मालक आहेत, आणि त्यांपैकी दोघे आता शहर सोडून गेले आहेत. हक्क हस्तांतरित करावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो; लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. याहून नाजूक गोष्ट ही की कंपनीत नोकरीस असलेल्या तरुणांनी आपल्या नेमणूकपत्रातील कलमे काढून वाचावीत. फावल्या वेळात केलेले कामही धन्याचे, अशी कलमे कित्येक पत्रांत असतात. तसे असेल तर धन्याकडून लेखी नाहरकत घ्यावी. हे परवाना निवडण्याच्या आधी करावयाचे काम आहे.

गूगलच्या दुकानात ॲप ठेवण्यासाठी पंचवीस डॉलर एकदाच भरून खाते उघडावे लागते. ते खाते आज एका तरुणाच्या खाजगी नावावर आहे असे समजले. तो उद्या परदेशी गेला तर ॲपची सुधारित आवृत्ती चढविणार कोण? खाते नोंदणीकृत संस्थेच्या नावे करावे, आणि दुकानाबाहेर थेट वाटल्या जाणाऱ्या प्रतींवर जी सांकेतिक स्वाक्षरी लागते तिची प्रत निदान दोघांपाशी असावी. एफ-ड्रॉइड नावाचे केवळ मुक्त ॲप ठेवणारे दुकान आहे, तेथेही ठेवावे. ॲपलच्या दुकानाविषयी एक सावधगिरी. व्हीएलसी हा प्रसिद्ध चित्रफीत-दर्शक जीपीएल परवान्याखाली होता, आणि त्या परवान्याचा दुकानाच्या अटींशी मेळ बसेना म्हणून जानेवारी २०११ मध्ये तो तेथून काढला गेला. पुढे निराळ्या परवान्याने तो २०१३ साली परतला. आमच्या वस्त्यांतून आयफोन किती आहेत हे पाहता आज ही अडचण मोठी नाही. परंतु सर्व कर्त्यांच्या लेखी संमतीने हक्क एका संस्थेकडे आणून ठेवले तर उद्या परवान्यात असा फेरबदल करणे शक्य राहील; सात जणांस सात गावी शोधत फिरावे लागणार नाही.

कंपनीस काय उत्तर द्यावे? नम्रपणे लिहावे की प्रोग्राम मुक्त आहे. आपण तो घ्यावा, आपल्या शाळांतून चालवावा, हवे तर विकावा. केलेल्या सुधारणा मात्र त्याच परवान्याने परत द्याव्यात. देखभाल व प्रशिक्षण यांचे काम आम्हांस दिल्यास त्याचे दर सोबत जोडले आहेत. कंपनी होकार देईल किंवा देणार नाही. नकार दिला तर अभ्यासिकेच्या भाड्याचा प्रश्न उरतो, हे आम्ही नाकारीत नाही. तो प्रश्न वर्गणीने सोडवावा लागेल, आणि त्या वर्गणीचे पहिले पन्नास रुपये ज्या पालकांची मुले रविवारी तेथे बसतात त्यांनी द्यावेत. दारावर आलेल्या विक्रेत्यास ॲपसाठी दरमहा हजार रुपयांचा हप्ता कबूल करणारी कित्येक घरे आम्हांस माहीत आहेत. त्या घरांनी सही करण्यापूर्वी विक्रेत्यास विचारावे: कंपनी बंद पडली तर पाठ आमच्याकडे राहतील काय? दोन नंबरच्या मुलास हेच ॲप वापरता येईल काय? माझ्या मुलाची कोणती माहिती तुम्ही घेता, आणि ती कोणास देता? उत्तर तोंडी न घेता कागदावर मागावे.

त्या सात तरुणांपैकी जे दोघे बाहेरगावी आहेत त्यांच्या संमतिपत्रांचा मसुदा आमच्या एका वकील मित्रांनी विनामूल्य करून देण्याचे मान्य केले आहे. तो येत्या रविवारी ऐरोलीस वाचला जाईल. अशा प्रकारचे काम हाती घेतलेल्या अन्य अभ्यासिकांनीही आपल्या अडचणी आम्हांस लिहून कळवाव्यात. पुढील अंकी त्यांचा विचार करू.